घरोघरी : मुखपृष्ठ भिंतीवर, अंक रद्दीत

घराच्या भिंतीवर काय असावे, याबद्दल आपल्या मध्यमवर्गाची मते दर पंधरा-वीस वर्षांनी पालटत आली आहेत. एके काळी देवादिकांच्या आणि वाडवडिलांच्या तसबिरींची रांग छताजवळ, जराशी पुढे झुकलेली, अशी टांगलेली असे आणि तिच्यामागे चिमण्या बिनभाड्याने बिऱ्हाड थाटीत. मग कॅलेंडरे आली. मग कॅलेंडरांचीही लाज वाटू लागली आणि त्यांच्या जागी धबधबे, सूर्यास्त आणि चौखूर उधळलेले पांढरे घोडे आले. आता हल्ली एखाद्या नव्या फ्लॅटमध्ये पाऊल टाकावे, तर सोफ्याच्या वर कोण दिसते? हातात निरांजन, केसांत अबोलीची वेणी, नाकात नथ, अशी साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या दिवाळी अंकावरची सुंदरी! कोपऱ्यात अंकाचे नाव, वर्ष, आणि किंमतसुद्धा. पाहुणे म्हणतात, "वा! काय काळ होता हो!" यजमान म्हणतात, "ऑनलाइन मिळाले. फ्रेमसकट."

एरवी या सदरात आपण ओल धरलेल्या भिंती, कपाटातली कसर, तांब्यापितळेची भांडी असल्या जमिनीवरच्या गोष्टी बोलत असतो. पण दिवाळी अंकात संपादक जरा ऐसपैस बसू देतात. तेव्हा यंदा फराळाचे ताट जवळ घेऊन या भिंतीवरच्या सुंदरीबद्दलच बोलू या.

प्रथम एक गोष्ट कबूल केली पाहिजे. हा छंद वाईट नाही. जुन्या मुखपृष्ठाने खोली उजळते, घरात चार पिढ्या नांदल्यासारखे वाटते, आणि पाहुण्यांशी बोलायला विषय मिळतो. शिवाय यात परकेही काही नाही. छापील चित्र चौकटीत घालून भिंतीवर लावण्याची हौस आपल्याकडे पुष्कळ जुनी. राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत सुरू झाला तो १८९४ साली; पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचल्या, आणि आपल्या पणज्यांनी त्यांच्या पदरांना खरी जर आणि टिकल्या शिवून त्या आपल्याशा करून घेतल्या. म्हणजे छापील चित्र ही कमअस्सल वस्तू, असे आपल्या घराने कधी मानलेच नाही.

दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ हे याच घराण्यातले. का. र. मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि मराठी घराला वर्षातून एकदा वाचनाचा सण लागला. 'किर्लोस्कर', 'स्त्री', 'मनोहर' ही मासिके चालवणारे शंकरराव किर्लोस्कर तर स्वतःच चित्रकार. दीनानाथ दलालांनी १९४५ साली 'दीपावली' सुरू केली, आणि अंक हातात घेताच आधी मुखपृष्ठ पाहायचे, मग अनुक्रमणिका, ही सवय पक्की झाली. दलाल आणि रघुवीर मुळगावकर हे दोघेही मूळचे गोव्याचे. दलालांची रेषा अशी, की चार फटकाऱ्यांत मान वळावी. मुळगावकरांचे फवाऱ्याने दिलेले रंग असे, की गालावरून हात फिरवावासा वाटावा. मुळगावकरांचे देव तर कॅलेंडरांतून थेट देवघरात जाऊन बसले. आणि ज्यांना सुंदऱ्यांचा कंटाळा, त्यांच्यासाठी शि. द. फडणीस होते. त्यांनी 'मोहिनी'च्या मुखपृष्ठांवर एकही शब्द न लिहिता उभ्या महाराष्ट्राला हसवले. 'ललित'च्या दिवाळी अंकांवर वसंत सरवट्यांनी वर्षानुवर्षे साहित्यिकांच्याच टोप्या उडवल्या.

या मंडळींचे काम किती अवघड, हे आपण चौकटीतले चित्र पाहताना विसरतो. हे चित्र मुळी भिंतीसाठी काढलेले नव्हतेच. ते दोरीला टांगून विकण्यासाठी काढलेले. स्टेशनाबाहेरच्या विक्रेत्याकडे वीस अंक एकाशेजारी एक लटकत असत; गाडी पकडायला धावणाऱ्या माणसाची नजर त्यांतल्या आपल्या अंकावर ठरली पाहिजे. वरच्या बाजूला अंकाच्या नावासाठी जागा सोडली पाहिजे. नायिकेचा चेहरा घडीत येता कामा नये. जुने मुखपृष्ठ आता निरखून पाहा. डोक्यावरचे आकाश उगीच मोकळे नसते. ते नावासाठी राखलेले असते.

आणि दुसरे असे, की बहुतेक घरांत वर्षभरात येणारे एवढेच काय ते रंगीत चित्र. मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ साली उघडली. पण जळगावच्या कारकुनाने किंवा सोलापूरच्या शिक्षिकेने ती कधी पाहावी? त्यांची आर्ट गॅलरी दिवाळीच्या आठवड्यात घरी येई, घरभर फिरे, शेजारी जाई, आणि तुळशीच्या लग्नापर्यंत पानांचे कोपरे दुमडून, चकलीच्या तेलाचे बोट लागून परत येई.

घरी असे एखादे अस्सल मुखपृष्ठ असेल, तर एक भिंग घ्या आणि नायिकेच्या ओठांवर धरा. (घरातल्या मंडळींना आधी कारण सांगून ठेवलेले बरे.) ओठ लाल नाहीतच! तिथे बारीक ठिपक्यांची दाटी आहे. लाल ठिपके, पिवळे ठिपके, मधूनच निळे. त्या काळी मूळ चित्राचे रंग वेगळे करून प्रत्येक रंगाचा धातूचा ठसा करीत. त्याला छापखान्यात ब्लॉक म्हणत. आधी पिवळा, मग लाल, मग निळा, असा कागद पुन्हा पुन्हा यंत्रातून जाई. वर काळा द्यायचा तर आणखी एक खेप. एखाद्या खेपेला कागद केसभर सरकला, की ओठांची लाली हनुवटीवर उतरे किंवा पदराची कड साडीबाहेर पळे. आजच्या नकली प्रतीत हे दोष संगणकावर पुसून टाकतात. मला विचाराल, तर त्या सरकलेल्या लालीतच छापखान्यातल्या माणसाचा हात दिसतो. ज्या हाताने रात्री जागून हजारो अंक वेळेवर बाहेर काढले, त्या हाताची तेवढीच काय ती सही.

येथवर सगळे गोड. आता कारल्याची भाजी.

जुन्या अंकांच्या बाजारात, मग तो मुंबईचा चोरबाजार असो, पुण्याचा जुना बाजार असो, की मोबाइलवरचा असो, अखंड अंकापेक्षा सुटे मुखपृष्ठ लवकर खपते. कारण उघड आहे. सोफ्यावर लावायला दोनशे-अडीचशे पाने कशाला हवीत? तेव्हा अंकाच्या टाचण्या उचकटल्या जातात, मुखपृष्ठ आणि आतली दोन-चार रंगीत चित्रे बाजूला निघतात, आणि उरलेला अंक किलोच्या भावाने जातो. त्या उरलेल्यात काय असते? कथा, कविता, प्रवासवर्णने, व्यंगचित्रे, वधूवरांच्या आणि केशतेलाच्या जाहिराती, राशिभविष्य, संपादकांची दिलगिरी. त्यांतले कितीतरी लिखाण पुढे पुस्तकात आलेच नाही. ज्या लेखकाचे एकच चांगले काम एका दिवाळी अंकात छापून आले आणि मग तो संसाराला लागला, त्याचे तेवढे एक पान त्या ढिगात असते. तो अंक गेला की ते गेले.

तुम्ही म्हणाल, ग्रंथालये आहेत ना! आहेत, आणि त्यांचे उपकार थोर आहेत. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, मुंबईचे १८९८ चे. अशा ठिकाणी जुन्या मासिकांच्या फायली मिळतात. पण इथे एक मोठी गंमत आहे, आणि ती ऐकून हसावे की रडावे ते कळत नाही. वर्षाचे अंक एकत्र बांधताना मुखपृष्ठे आणि जाहिराती काढून टाकायच्या, अशी पुष्कळ ठिकाणी बांधणीची रीत होती. जाड कागदाने खंड फुगतो आणि मुखपृष्ठावर वाचण्यासारखे ते काय असते, असा हिशेब. त्यामुळे कित्येक जुन्या अंकांची स्थिती आज अशी झाली आहे, की देह ग्रंथालयाच्या कपाटात आणि चेहरा कुणाच्या तरी दिवाणखान्यात. दोघांची गाठ पडणे कठीण. ग्रंथपालाला ठाऊक नाही अंक दिसत कसा होता. यजमानांना ठाऊक नाही अंकात होते काय.

माझ्या ओळखीच्या एका कुटुंबात घडलेली हकीकत सांगतो. चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहायचा होता, म्हणून खोली रिकामी करणे चालले होते. पोटमाळ्यावर दिवाळी अंकांचे चार गठ्ठे निघाले. वेळ कमी, टेम्पो दाराशी उभा. सुनेने गठ्ठे रद्दीवाल्याला दिले. त्यात तिचा दोष म्हणण्यासारखे काही नाही. ज्याने घर हलवले आहे तो तिला बोल लावणार नाही. पुढे नव्या घरात नातवाने भिंतीसाठी हौसेने एका जुन्या मुखपृष्ठाची छापील प्रत मागवली, आणि आजीला पुढ्यात बसवून म्हणाला, "आजी, ओळख बघू."

आजींनी चष्मा पुसला आणि पाहिले. म्हणाल्या, "अरे, हा अंक आपल्याकडे होता. तुझ्या आजोबांनी मला पहिल्या दिवाळीला आणलेला. ह्याच्यात एक गोष्ट होती, एका बाईची, मॅट्रिक व्हायला निघालेल्या. ती वाचूनच मी ह्यांना म्हटलं, मला परीक्षेला बसायचंय." नातू म्हणाला, "मग बसलीस?" आजी म्हणाल्या, "बसले तर! पासही झाले." आणि मग जरा थांबून त्यांनी विचारले, "गोष्ट कुणाची होती रे? तेवढं नाव आठवत नाही. अंकात बघून सांग."

नातवाच्या हातात अंक नव्हता. चित्र होते.

या हकिकतीत कुणी खलनायक नाही, म्हणूनच ती मला महत्त्वाची वाटते. चित्रातली निरांजनवाली बाई नातवाला 'तो काळ' वाटली. आजींचा काळ मात्र चित्रात नव्हताच. तो आतल्या कुठल्याशा पानावर होता. मुखपृष्ठावरची सुंदरी कधी दमलेली नसते. तिच्या साडीला हळदीचा डाग नसतो, तिच्या निरांजनातले तेल संपत नाही. खरी बाई ती, की जी चकल्यांचा शेवटचा घाणा काढून, मुले झोपल्यावर, दिव्याच्या उजेडात हा अंक उघडून बसे. जुन्या दिवसांची हौस करायची, तर त्या दोघींनाही घरात जागा हवी. नुसती चित्रातली ठेवून घेतली, तर आपण त्या काळाची आठवण काढतो आहोत, असे म्हणवत नाही. त्याची आरास करतो आहोत, एवढेच.

चित्र अंकापासून तोडले की काय होते, याचा सगळ्यात सोपा पुरावा 'आवाज'कडे आहे. मधुकर पाटकरांनी १९५१ साली सुरू केलेल्या या अंकातली खिडकीची चित्रे घरोघर चावटपणाने गाजली. पानाला एक चौकोन कापलेला. त्यातून मागच्या पानावरचे चित्र डोकावते, आणि पाहणाऱ्याच्या मनात भलतेसलते येते. पान उलटावे, तो प्रकार अगदीच निरुपद्रवी निघतो, आणि लाज वाटते ती आपल्याच मनाची. आता ही खिडकी काचेच्या चौकटीत घालून दाखवा! पान उलटता येत नाही, म्हणजे विनोदच नाही. मुखपृष्ठाचेही थोडेफार असेच. ते उघडण्यासाठी काढलेले असते.

मग काय, भिंती उघड्या ठेवायच्या? मुळीच नाही. वाट सोपी आहे: अंक कपाटात अखंड ठेवा, आणि भिंतीवर प्रत लावा. आज हे जितके सोपे आहे तितके पूर्वी कधीच नव्हते. अंक सपाट ठेवून, पाठ न मोडता, दिवसाच्या उजेडात सरळ वरून फोटो काढला किंवा स्कॅन केला, तर चांगला छापणारा त्यावरून भिंतीएवढी प्रत काढून देतो. प्रत उन्हाने विटली तर दुसरी काढता येते. आणि अस्सल मुखपृष्ठ भिंतीवर विटते, यात शंका नको. छपाईचे लाल आणि पिवळे रंग उजेडात आधी उडतात, निळा मागे राहतो. दुकानांच्या काचेत वर्षानुवर्षे लागलेल्या जाहिराती निळ्यासावळ्या झालेल्या तुम्ही पाहिल्या असतील. तीच गत कुंकवाच्या रंगाच्या शालूची होते. नायिका पाच-सहा उन्हाळ्यांत आजारी दिसू लागते.

तरीही अस्सलच लावायचे असेल, म्हणजे सुटे मुखपृष्ठ आधीच हाती आले असेल, तर चार पथ्ये पाळा. समोर खिडकी असलेल्या किंवा पावसाळ्यात ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर ते नको. चित्र काचेला चिकटू देऊ नका. मध्ये जाड पुठ्ठ्याची पट्टी असू द्या, आणि पुठ्ठा आम्लविरहित मागा, कारण साध्या पुठ्ठ्याचा पिवळेपणा चित्रात उतरतो. चिकटपट्टी लावू नका. काही वर्षांनी ती गळून पडते आणि तपकिरी डाग कायमचा ठेवते. लॅमिनेशन तर नकोच नको. ते एकदा केले की कागदाला पुन्हा मोकळा श्वास नाही.

कपाटातल्या अंकांसाठीही थोडे. मुखपृष्ठाचा गुळगुळीत आर्ट पेपर भिजला, की पाने एकमेकांना अशी चिकटतात की सोडवता येत नाहीत. म्हणून अंक जमिनीलगत किंवा मोरीच्या भिंतीला टेकून ठेवू नयेत. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढून पांढऱ्या दोऱ्याने टाके घालावेत. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधण्यापेक्षा जुन्या धुतलेल्या सुती साडीत गुंडाळलेले बरे. वर्षातून एकदा, घटस्थापनेच्या आधी घर आवरतो तेव्हा, ते उघडून वारा द्यावा. कसर काळोखात आणि शांततेत वाढते. माणसाचा हात लागत राहिला की ती बिऱ्हाड हलवते.

अंकावर कुणाचे नाव असेल, फिरत्या वाचनालयाचा शिक्का असेल, लहान मुलाने नायिकेला पेन्सिलीने मिशा काढल्या असतील, तर ते खोडू नका. बाजारातल्या प्रती स्वच्छ धुतलेल्या असतात. त्या कुणाच्याही भिंतीवर शोभतात. मिशांची नायिका फक्त तुमच्याच घरात असते.

आणखी दोन गोष्टी चित्रकारांच्या वतीने. एक म्हणजे, प्रत लावाल तिथे खाली चित्रकाराचे नाव लिहा. अनुक्रमणिकेच्या पानावर 'मुखपृष्ठ' म्हणून ते बहुधा दिलेले असते. सुट्या चित्रावर कोपऱ्यातली सही भिंगाने शोधा. दिवाणखान्यात ज्याचे चित्र टांगतो त्याचे नाव घरातल्या मुलाला माहीत नसावे, हे बरे नाही. दुसरी गोष्ट व्यवहाराची. आपल्या घरापुरती एक प्रत काढणे वेगळे, आणि शंभर छापून विकणे वेगळे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, आणि ती मोजायची मृत्यूच्या पुढल्या वर्षापासून. दलाल १९७१ साली गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांवरचा हक्क २०३१ अखेरपर्यंत. मुळगावकर १९७६ साली, म्हणजे २०३६ अखेरपर्यंत. तेव्हा विकत घेताना विकणाऱ्याला एवढे विचारायला हरकत नाही: "ज्यांचा हक्क आहे, त्यांची परवानगी घेतलीत का?" भाजी घेताना आपण याहून अधिक प्रश्न विचारतो.

शेवटी एक काम, आणि तेही आजच करण्यासारखे. आपल्या घरात, सासरी, माहेरी, गावी, कुठे ना कुठे पोटमाळ्यावर एखादा गठ्ठा अजून असेल. भाऊबिजेला सगळी भावंडे जमतील तेव्हा तो खाली काढा. घरातल्या सर्वांत वडील माणसाच्या मांडीवर एकेक अंक ठेवा आणि विचारा, "ह्यातलं काय आठवतं?" ते जे सांगतील ते एका कागदावर लिहून त्याच अंकात ठेवा. कुणी आणला, कुणी आधी वाचला, कुणाकडून परत आलाच नाही, सगळे. मग मुखपृष्ठाची हवी तेवढी मोठी प्रत काढा आणि खुशाल सोफ्यावर लावा.

आणि हो, आत्ता तुमच्या हातात असलेला हा अंकही कधी तरी जुना होणार आहे. पहिल्या पानावर वर्ष आणि घरातल्या सगळ्यांची नावे लिहून ठेवा. चकलीच्या तेलाचे बोट लागले, तर लागू द्या.

दिवाळी आनंदाची जावो. पुढच्या अंकात, ठरल्याप्रमाणे, लोणच्याच्या बरण्या.